हौदात पाणी कोण सोडत होतं

आमच्या भागात माकडाशिवाय माणसाचं वर्णन पुरं होत नाही. पोर झाडावर चढलं की माकड. सून आरशापुढं जरा जास्त उभी राहिली की माकडीण. नव्या सरपंचानं काही उलटंसुलटं केलं की माकडाच्या हातात कोलीत. आणि शनिवार आला की त्याच जातीच्या देवाला तेल घालून यायचं, रविवारी रानात त्याच्याच लेकरांवर गोफण फिरवायची. यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

माझं घर मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या शेवटच्या वस्तीत. परड्यातून दोन वावरं ओलांडली की रान सुरू होतं, आणि तिथून काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं उतरतात. खरं म्हणजे लाल तोंडाचं माकड वेगळं आणि हे वेगळं, पण बोलताना आम्ही सगळ्यांना माकडच म्हणतो. माझा लेक सांगलीला असतो. तो एकदा सुट्टीला आला तेव्हा ओसरीवर बसून म्हणाला, "आये, आपण माकडापासनं झालो असं लोक म्हणत्यात, ते तसं न्हाई. ती आपली चुलत भावंडं हायत."

मी म्हटलं, "मग बरोबर हाय. भाऊबंदाशिवाय कोण असं दुसऱ्याचं रान खातंय?"

लेक हसला, त्याचे वडीलही हसले. तेव्हा ते मोठ्यानं हसायचे. लष्करात गाड्या चालवून आलेला माणूस, उंच, दणकट, आवाज सगळ्या वस्तीला ऐकू जायचा. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी ते चूळ भरायला उठले आणि मोरीच्या दाराशीच बसले, ते परत आपलं आपण उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. एकच शब्द उरला, बास. पाणी पाहिजे असलं तरी बास, नको असलं तरी बास, डास चावला तरी बास. कुठला बास कशाचा हे मला आवाजावरनं कळायला लागलं.

आता अशा माणसाचं करायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळत नाही. कूस बदलत राहावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी पलंगावर जुनं लुगडं आडवं अंथरायची, पलीकडनं त्याची कड धरायची आणि पाय भिंतीला लावून ओढायची. तसे ते वळायचे. दिवसातनं कितीदा ते मी मोजलं नाही. मग पुसणं, बदलणं, भरवणं, धुणं. लेक महिन्यातनं एकदा यायचा, जमेल तेवढं करून जायचा. सून कडेगावची, उसाच्या पट्ट्यातली, तिची सांगलीला नोकरी. ती आली की पत्र्यावर वानर धपकन पडलं तरी दचकायची, पण सासऱ्याचं करताना तिनं नाक कधी मुरडलं नाही. खोटं का बोला.

ओढता ओढता माझी पिशवी खाली आली. बायकांना कळेल मी काय म्हणते ते. आधी नुसतं जड वाटायचं, मग चालताना काहीतरी अंगातनं खाली येतंय असं व्हायला लागलं. कुणाला सांगायचं? मी घट्ट लंगोट कसायची आणि लुगड्याची कड धरायची. एक दिवस उठताच येईना, तेव्हा लेकानं साताऱ्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले आणि म्हणाल्या, "आजी, ऑपरेशन करावं लागेल. आणि त्याआधीही आणि नंतरही कुणाला उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही."

मी म्हटलं, "बादली न्हाई उचलत. नवरा उचलते."

त्या हसल्या नाहीत. मीही हसायला म्हणून म्हटलं नव्हतं.

झालं, तिथनं प्रश्न उभा राहिला. मी दवाखान्यात गेले तर यांच्यापाशी कोण? लेकानं सांगलीत एक जागा बघून ठेवली होती, आजारी म्हाताऱ्यांना ठेवून घेतात तशी. मला दाखवायला घेऊन गेला. जागा वाईट नव्हती. फरशी स्वच्छ, चादरी पांढऱ्या, पोरी हसून बोलणाऱ्या. ओळीनं खाटा, आणि खाटांवर माणसं टीव्हीकडं तोंड करून. टीव्हीवर काय चाललंय ते एकजण तरी बघत होता का, मला सांगता येणार नाही. मी त्यातल्या एका मोकळ्या खाटेकडं बघितलं आणि तिच्यावर आमचं माणूस ठेवून बघितलं मनात. पाय बाहेर आले असते.

घरी येऊन मी यांना सांगितलं. समजतं सगळं त्यांना. सांगली म्हटल्यावर त्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला आणि म्हणाले, बास. तो बास मी आधी ऐकलेला नव्हता.

त्याच आठवड्यात, लेकाकडनं सगळं कळल्यावर, उंब्रजहून माझी नणंद भेटायला आली. भावावर जीव आहे तिचा, नाही असं नाही. येताना केळी घेऊन आली, भावाच्या डोक्यावरनं हात फिरवला, रडली. मग माझ्याजवळ चुलीपाशी बसून म्हणाली, "वैनी, तू मनाला लावून घेऊ नगस. हौदातल्या माकडिणीची गोष्ट ठाव हाय न्हवं? पाणी पायाला लागलं, तिनं पिल्लू कडेवर घेतलं. पाणी छातीला आलं, पिल्लू डोक्यावर घेतलं. नाकाशी आलं, तवा पिल्लाला खाली घातलं आणि आपण त्याच्यावर उभी ऱ्हायली. जीव ज्याचा त्याला प्यारा. तुजं काय चुकलं म्हनायचं?"

गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक. आमच्या इथं कुणाला ठाऊक नाही? जिनं दुसरं लग्न केलं तिला ही गोष्ट, जी माहेरी निघून आली तिलाही. मी स्वतः दुसऱ्या बायकांबद्दल ही ऐकून मान हलवलेली आहे. पण ती आपल्या चुलीपाशी बसून, आपल्या नावानं ऐकायची वेळ आली की मग कळतं ती कुठं लागते. नणंद माया करून बोलत होती आणि त्या मायेतच मला नवऱ्याच्या छातीवर उभी करून ठेवून गेली.

तिची गाडी गेल्यावर मी काही केलं नाही. भांडी तशीच ठेवली. खरं सांगते, राग पण आला नाही. रागाला अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हरभऱ्याला घाटे धरले की वानरं खाली यायला लागतात. एकेकट्यानं राखण करायची म्हटलं तर घरातलं कुणाला दुसरं कामच करता येणार नाही. म्हणून वस्तीची राखण पाळीनं असते. ज्या घराची पाळी, त्या घरातलं एक माणूस दिवसभर वरच्या बांधावर बसतं आणि टोळी दिसली की पत्र्याचा डबा बडवतं. सगळ्यांच्याच वावरांसाठी. संध्याकाळी येताना तो डबा पुढच्या घराच्या दारात ठेवायचा. काही बोलायचं नाही, हाक मारायची नाही. दारात डबा दिसला की समजायचं, उद्या आपलं माणूस. घरात बाळंतपण असो, दुखणं असो, पाळी चुकवायची नाही, फार तर बदलून घ्यायची. हे आजारी पडल्यापासून माझी पाळी शेजारची चुलत जाऊ करायची. माझ्याहून वयानं लहान, तोंडानं फाटकी, आणि रोज एकदा तरी माझ्या उंबऱ्यावर येऊन ओरडून जाणारी.

नणंद गेली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी डबा माझ्या दारात आला. सकाळी जाऊ तो न्यायला आली तर मी म्हटलं, "आज मीच जाते. तू यांच्याकडं बघ."

"आक्का, तुला चालवंना आणि तू बांधावर जातीस व्हय?"

"बसायचंच हाय न्हवं."

मला जरा वेळ कुठंतरी बसायचं होतं, जिथं कुणी बास म्हणणार नाही.

टोळी उन्हं वर आल्यावर आली. पुढं मोठा नर, मागं माद्या. त्यात एकीपाशी अगदी नवं पिल्लू होतं, अंगानं काळपट, तोंड गुलाबी. आईच्या पोटाला धरून होतं. ती बांधावर टेकते न टेकते तोवर दुसरी मादी आली आणि तिनं पिल्लू ओढून घेतलं. पिल्लू किंचाळलं. मला वाटलं आता यांची जुंपते. पण आई तिच्याकडं बघितलं न बघितलं करून हरभऱ्यात उतरली आणि दोन्ही हातांनी खायला लागली. पिल्लू त्या दुसरीकडं, मग तिसरीकडं. तिसरी तरणी होती, तिला धरता येत नव्हतं, उलटंच धरलं तिनं. ते परत ओरडलं. आई खातच होती. खाऊन झालं, ओढ्यावर जाऊन पाणी प्याली, एका दगडावर पाय पसरून बसली. बसली म्हणजे नुसती बसली. मग बऱ्याच वेळानं गेली आणि आपलं पिल्लू घेऊन आली. कुणी तिला काही बोललं असेल असं दिसलं नाही.

मी जन्मभर वानरं बघत आले. पण डबा हातात घेऊन बघितली होती. डबा मांडीवर ठेवून पहिल्यांदाच बघत होते.

"आक्का, तुला राखणीला बसवलंय का जत्रा बघायला?"

जाऊ वावरातनं तरातरा वर येत होती. तिचाच हरभरा होता तो. निम्मी पट्टी खाऊन झाली होती. ती आली, माझ्या मांडीवरचा डबा उचलला, बडवला, टोळी पळाली. मग माझ्याकडं वळली, आणखी काहीतरी चांगलं जहरी बोलणार होती, पण माझं तोंड बघून थांबली.

"ह्यांना एकटं सोडून आलीस?" मी विचारलं.

"माझा म्हातारा बसलाय तिथं. तू सांग, काय झालंय?"

मग मी तिला सांगितलं. पिशवीचं, डॉक्टरीणबाईंचं, सांगलीच्या खाटेचं, माकडिणीचं. इतके दिवस सांगितलं नव्हतं, कारण तिला सांगितलं म्हणजे वस्तीला सांगितलं. ती खाली बसली. बराच वेळ घाटे खुडून खुडून फेकत राहिली, जे वानरांनी सोडले होते तेही.

"लय शहाणी," ती शेवटी म्हणाली. "वस्तीतली माकडं हाकलायला रोज एक घर दिवस देतंय. आणि माणूस एकटीनं ओढायचा, व्हय? कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं न्हाई."

"मग?"

मी तिनं फेकलेले घाटे पदरात वेचायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि काही न विचारता फळीवरचा यांचा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, मग्गा उचलला. लष्करातनं आणलेला, कड चेपलेली, ते अजून त्यातच चहा पितात. म्हणाली, "डबा रानाचा. ह्यो मग्गा भावजींचा. ज्याच्या दारात मग्गा, त्या घरातला बाप्या सकाळी येऊन उचलायचं, पुसायचं बघंल, बाई दिवसभर बसंल. येताना मग्ग्यातनं च्या आणायचा."

मी म्हटलं, "लोक करतील व्हय गं?"

"न करून सांगत्यात कुणाला? हरभरा खायाचा न्हाई का पुढल्या वर्षी?"

सगळ्यांनी केलं असं नाही. एका घरानं दारातला मग्गा सकाळी तसाच उचलून पुढच्या दारात नेऊन ठेवला. त्यांचं त्यांच्यापाशी. पण बाकीच्यांनी घेतला. पहिले काही दिवस मी घरातच होते, शिकवायला. लुगडं कसं धरायचं, घास कुठल्या गालात द्यायचा, कुठला बास कशाचा. पहिल्या दिवशी जावेचा नवरा यांना उचलताना म्हणाला, "दादा, मिलिटरीत तुमी ट्रक वढला, आता मी तुमाला वढतो." यांनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, बास. तो हसण्याचा बास होता. बऱ्याच दिवसांनी ऐकला.

मग मी सांगलीला गेले. ऑपरेशन झालं, लेकाच्या घरी राहिले. सुनेनं बरंच केलं. खालच्या मजल्यावर एक जैन आजी राहतात, माझ्याच वयाच्या, रोज दुपारी वर यायच्या. त्यांना मी सगळं सांगितलं, मला गप्प बसता येत नाही. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं माकडं नाहीत हो, नुसता ऊस आणि द्राक्षं. पण ती हौदाची गोष्ट मलासुद्धा सांगून झालीय. सासूबाई होत्या अंथरुणावर तेव्हा." दोन म्हाताऱ्या बाया, डोंगरातली एक, नदीकाठची एक, आणि माकडीण एकच.

तिथं पडल्या पडल्या मला ती गोष्ट परत परत आठवायची. आणि एक दिवस नणंदेचा फोन आला. तब्येत विचारली, पथ्य विचारलं, मग म्हणाली, "वैनी, दादा आता तुझ्या जावेच्या हातानं जेवतोय म्हनं."

"जेवतोय न्हवं?"

"जेवतोय. पण लोकं बोलत्यात."

मी म्हटलं, "वन्सं, एक विचारू? ती माकडीण हौदात गेली कशी?"

"म्हंजी?"

"आपनहून कुठली माकडीण पिल्लू घेऊन कोरड्या हौदात उतरंल? कुणीतरी घातली असंल. आणि मग पानी कोण सोडत हुतं? वरनं बघत कोण उभं हुतं?"

तिच्याकडनं भांड्यांचा आवाज आला. मग म्हणाली, "गोष्टीत तसं न्हाई सांगत."

"तेच म्हनते मी."

फोन ठेवल्यावर मला बरं वाटायला पाहिजे होतं. तसं काही वाटलं नाही. तिला बोलून काय मिळवलं? ती पण कुणाच्या तरी हौदात उभीच असेल. भावाकडं दोन दिवस येऊन बसावं तर तिच्या घरचं कोण बघणार, हे तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हातारी म्हणते माणसांपेक्षा वानरं बरी. मी तसं म्हणत नाही. नवा नर टोळीत शिरला की तो जुन्याची पिल्लं मारतो, हे आम्ही बांधावरनं बघितलंय. त्या दिवशी बायका डबा बडवायचं विसरत नाहीत. ती गोष्ट कुणी कुणाच्या चुलीपाशी बसून सांगत नाही. ज्याला जे पाहिजे ते माकड त्यानं रानातनं उचलून आणायचं आणि दुसऱ्याच्या दारात बांधायचं, असं चाललेलं असतं. मी पण एक आणलंच की, ते दगडावर पाय पसरून बसलेलं. मला तेच पाहिजे होतं.

मी घरी आले तेव्हा जेवणाची वेळ होती. लेकानं गाडीतनं हाताला धरून उतरवलं. जाऊ पलंगाशी बसून यांना भात भरवत होती. यांनी मला बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. मी जवळ गेले, जावेनं लगेच ताट माझ्या हातात दिलं. मी घास केला आणि पुढं केला. त्यांनी तोंड फिरवलं. मी परत केला. त्यांनी जावेकडं बघितलं आणि म्हणाले, बास.

जाऊ खजील झाली. म्हणाली, "आक्का, सवय लागली म्हनून. मी घास बारका करते न्हवं. उद्यापासनं घेतील."

मी ताट तिला परत दिलं. म्हटलं, "तूच चार." इतकी वर्षं ज्या तोंडात घास घातला ते तोंड फिरलं की काय होतं ते मी इथं लिहीत बसत नाही. ते पिल्लू आईकडं परत येताना पण ओरडलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. बांधावर असताना मी तेवढं धरलं नव्हतं.

उंबऱ्यावर जाऊन बसले. पत्र्यावर वानरं धपाधप उड्या मारत होती. हरभरा केव्हाच निघाला होता, त्यामुळं डबा बडवायचं कुणालाच काही नव्हतं. जेवण झालं, जावेनं यांचं तोंड पुसलं, मग्गा विसळला आणि तो हातात धरून माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"आता तू आलीस, आक्का. फळीवर ठेवू का?"

मी मग्ग्याकडं बघितलं. कड आणखी एका ठिकाणी चेपली होती. दारादारातनं फिरून आला होता, व्हायचंच. घरात यांचा श्वास ऐकू येत होता, जेवल्यावर लागतो तसा जड. हो म्हणायला मला काहीच अवघड नव्हतं. तोंडात आलंच होतं.

"न्हाई," मी म्हटलं. "पुढच्या दारात ठेव."

ती गेली. मी आत जाऊन पडले. अंगण झाडायचं राहिलं होतं, ते राहू दिलं.